पोटाचं केळवण

"रत्ना, दार उघड गं, हातात ताट हाय!"

समोरच्या घरातल्या मालनचा आवाज. मी मशिनवर कुणाच्या तरी ब्लाउजची बाही लावत बसले होते. उठायला मला तेव्हा वेळ लागायचा. आधी मशिनचा काठ धरायचा, मग गुडघ्यावर हात ठेवायचा, मग "आई गं" म्हणायचं आणि मग कुठं उभं राहायचं. मी दाराशी पोचेपर्यंत मालननं कडी वाजवून वाजवून गल्ली जागी केली होती.

दार उघडलं तर बाईसाहेब नटून उभ्या. काठापदराची साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातातल्या ताटावर विणलेला रुमाल. रुमाल उचलला तर दोन पुरणपोळ्या, तुपाची वाटी, कटाची आमटी, भजी, कुरडया. शेजारी हळदीकुंकवाची कोयरी आणि घडी घातलेला ब्लाउजपीस.

"हे काय गं? कुणाचं लग्न काढलंस?"

"तुझ्या पोटाचं केळवण हाय," मालन म्हणाली.

"पोटाचं?"

"मग? लग्नाआधी नवरीला बोलवून जेवू घालतात का न्हाई? सासरी गेल्यावर हौसेचं खायला मिळंल न मिळंल म्हणून? तसंच हे. एकदा डॉक्टरनी पोट कापून एवढंसं केलं की तुला कुठली पुरणपोळी? आत्ताच खाऊन घे, माझे बाई."

एवढं बोलून तिनं मला कुंकू लावलं. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. सांगणार होते, मला बंदी आहे, आजपासून फक्त पातळ घ्यायचंय. पण आतून आत्या बाहेर आल्या, त्यांनी ताट बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ये मालन, आत ये," त्या म्हणाल्या. "मी पाट मांडते."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, अनसाबाई. आमच्या तासगावात त्यांना ओळखत नाही असं घर सापडणं अवघड. गल्लीत बारसं असो नाहीतर बारावं, पंगतीत वाढणाऱ्यांवर देखरेख आत्यांचीच. कमरेला पदर खोचून त्या ओळीतून फिरायच्या आणि कुणी ताटावर हात आडवा धरला की त्याच्या बोटांच्या फटीतून जिलेबी सोडायच्या. "लाजतोयस काय रं, बायको बघती म्हणून?" असं म्हटलं की सगळी पंगत हसायची आणि तो बिचारा जिलेबी गिळायचा. आत्यांच्या पंगतीतून कुणी अर्ध्या पोटी उठलंय असं कुणाच्या ऐकिवात नाही. मी या घरात आले तेव्हा पन्नास किलोची होते. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

पण त्यांच्यावर सगळं ढकलत नाही. माझ्या माहेरीही सगळी माणसं अंगानं भरलेली. शिवाय दिवसभर मशिनवर बसायचं काम, त्यात शुगर लागली. वजन वाढत गेलं आणि मी नवे ब्लाउज शिवत गेले. दुसऱ्याच्या मापाला टेप लावणारी मी, स्वतःच्या मापाला कधी टेप लावला नाही. अंदाजानंच कापड कापायची.

त्रेचाळिसाव्या वर्षी अंगावरून जास्त जायला लागलं. बाईला असलं काही झालं की ती "वयच तसं आहे" म्हणते, तसं मीही म्हटलं. शेवटी यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मोटार वाइंडिंगचं दुकान बंद ठेवून मला मिरजेला नेलं. तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाठवला, आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला.

कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलाय, पिशवीच्या बाहेर गेलेला दिसत नाही, पिशवी काढली की बऱ्याच बायका ठणठणीत होतात. माझा जीव भांड्यात पडला. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझे कागद बघितले आणि मान हलवली. माझं वजन एकशे अठ्ठावीस किलो. बीपी, शुगर, झोपेत श्वास अडकायचा तो वेगळाच. या ऑपरेशनला डोकं खाली करून झोपवावं लागतं, पोटाचा सगळा भार छातीवर येतो, टेबलावरच काही बरंवाईट होईल, असं ते म्हणाले. म्हणजे कॅन्सर काढता येण्यासारखा होता, पण माझं अंगच मध्ये आडवं पडलं होतं.

मग आम्हाला वजनाचं ऑपरेशन करणाऱ्या शिरगुप्पे मॅडमकडे पाठवलं. बारीक चणीची, मोठ्या चष्म्याची बाई. तिनं कागदावर पोटाचं चित्र काढून आम्हाला दाखवलं. आधी पोट कापून लहान करायचं. तोवर पिशवीत तांबीसारखी एक छोटी वस्तू बसवायची, तिच्यात औषध असतं, ते कॅन्सरला गप्प ठेवतं. वजन उतरलं की पिशवी काढायची.

"किती दिवस गप्प ठेवतं?" मी विचारलं.

"बहुतेक जणींना काही महिने तरी मिळतात," मॅडम म्हणाल्या. "पण मी त्याची हमी देणार नाही. म्हणून आपल्याला वेळ घालवायचा नाही. पोटाच्या ऑपरेशनआधी दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं. डाळीचं पाणी, ताक, सूप आणि ही पावडर. तुमच्या लिव्हरवर चरबी आहे, ते मोठं होऊन पोटावर पसरलंय. ते आक्रसलं नाही तर मला आत काही दिसणारच नाही."

आत्याही आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, कॅन्सर झालेल्या बाईला उपाशी मारायचं म्हणता?"

"उपाशी नाही, आजी. पातळ."

"एकच की ते."

पिशवीत ती वस्तू बसवून आम्ही घरी आलो, आणि त्या दोन आठवड्यांच्या पहिल्याच दिवशी मालन ताट घेऊन दारात आली होती.

आत्यांनी पाट मांडला, ताटाभोवती रांगोळीची दोन बोटं ओढली. मी म्हटलं, "आत्या, डॉक्टर काय म्हणाल्या?"

"डॉक्टर मिरजंत हाय," आत्या म्हणाल्या. "एक पोळी खाल्ल्यानं कोण मरतंय? बस. मालननं पहाटं उठून पुरण वाटलंय."

बसले. खाल्लं. खोटं कशाला बोलू, फार गोड लागलं. मनात म्हटलं, कॅन्सर झालाय, पोट कापणार आहेत, जगते की मरते ठाऊक नाही, निदान पुरणपोळी तरी खाऊ दे.

गल्लीत बातमी पसरायला कितीसा वेळ! मालननं केलं म्हटल्यावर बाकीच्या मागं कशा राहतील? सगळ्यांच्या अंगावर माझ्या हातचे ब्लाउज होते. कुणाच्या लेकीच्या लग्नाचे मी रात्रंदिवस बसून शिवून दिलेले, कुणाचा उसवलेला फुकट नीट केलेला. दुसऱ्या दिवशी बासुंदी आली. मग मटणाचा रस्सा आणि बाजरीच्या भाकरी. मग मसालेभात आणि श्रीखंड. एकीनं तर शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबाच भरून आणला, "ऑपरेशन झाल्यावर चोरून खायला" म्हणून. ब्लाउजपीस तर इतके जमले की मी म्हटलं, बारीक झाले की यातच मला वर्षभर शिवता येईल.

प्रत्येक वेळी आत्या समोर बसायच्या. "हा घास मालनच्या नावाचा. हा माझ्या नावाचा. आता हा दिनूच्या नावाचा." दिनू म्हणजे आमचे हे. ते दारात उभे राहून म्हणायचे, "आई, पुरे की." आत्या त्यांच्याकडे बघायच्याही नाहीत. मी नको म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांत असं काही यायचं की मी पुन्हा तोंड उघडायची. तेव्हा मला वाटायचं ते प्रेम आहे. प्रेमच होतं ते, पण मला त्यातलं अर्धंच कळलं होतं.

एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. आत्यांना जगातलं सगळं करता यायचं, पण आमच्या घरी खपली गव्हाची खीर कधी शिजली नाही. आमच्या भागात सणासुदीला ही खीर पहिली. बाहेर कुठं पंगतीत असली तर आत्या ती दुसऱ्याला वाढायला सांगायच्या, स्वतः पळीला हात लावायच्या नाहीत. मला वाटायचं, आवडत नसेल. कधी विचारलं नाही.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं मिरजेला गेलो. पिशवीत गाऊन, टॉवेल, देवाचा अंगारा, सगळं बांधून. आत्यांनी मला निघताना दही-साखर हातावर ठेवली, तेवढं बाकी होतं.

काट्यावर उभी राहिले. एकशे एकतीस.

शिरगुप्पे मॅडमनी आकडा बघितला, मग मला बघितलं. आणि सोनोग्राफीला पाठवलं. परत बोलावलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

"लिव्हर होतं त्यापेक्षा वाढलंय," त्या म्हणाल्या. "आज ऑपरेशन होणार नाही."

"मॅडम, तीन किलोनं काय फरक पडतोय?" हे म्हणाले.

"मी आत गेले आणि मला काही दिसलं नाही, तर रक्तस्राव होईल. मी तो धोका पत्करणार नाही. काय खाल्लंत तुम्ही?"

उत्तर आत्यांनी दिलं, तेही छाती पुढं काढून.

"सगळं खाल्लं. गल्लीनं केळवण केलं तिचं. एक घर चुकलं न्हाई."

"केळवण? कुणाचं लग्न आहे?"

"हिच्या पोटाचं."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला हसू फुटलं, त्यानं ते खोकल्यात लपवलं. मॅडम हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि आत्यांच्या समोर आणून ठेवली.

"आजी, मला सांगा. इतकं का खायला घातलंत?"

"अंगावर मांस पाहिजे," आत्या म्हणाल्या. "या रोगात माणूस वाळतंय. मला ठाऊक हाय. आधीच अंगात असंल तर टिकंल तरी."

"बऱ्याच कॅन्सरमध्ये माणूस वाळतो, बरोबर आहे तुमचं. पण हिचा हा कॅन्सर निराळा आहे. अंगात चरबी जास्त असली की ती चरबी एक हार्मोन बनवते. त्या हार्मोनवर हा पोसतो. चरबी उतरली की त्याचं खाणं तुटतं."

आत्या पुढं वाकल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजे मी हिला म्हणून घातलं, ते त्याच्या पोटात गेलं?"

"असं मनाला लावून घेऊ नका. कुणाच्या जेवू घालण्यानं हा झालेला नाही. अंगाची ठेवण असते, शुगर असते, बऱ्याच गोष्टी असतात. झालं ते झालं. पण यापुढचे दोन आठवडे मला हिच्या तोंडात घास जाऊन चालणार नाही. पिशवीतलं औषध सध्या काम करतंय. ते किती दिवस करेल, मला माहीत नाही."

परतीच्या एसटीत आत्या डोक्यावरून पदर घेऊन पुढच्या बाकावर बसल्या. मी खिडकीला डोकं टेकून रडत होते. मला मरायचं नव्हतं. इतके दिवस मी ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पुरणपोळीखाली दाबून ठेवलं होतं. आता ते वर आलं होतं आणि माझ्याच्यानं थांबत नव्हतं. हे माझा हात धरून बसले होते आणि कंडक्टर दोनदा "काय झालं वैनी?" म्हणून विचारून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या माझ्या खोलीत आल्या. हातात भिंतीवरचा फोटो होता. यांची थोरली बहीण विमलताई, माझ्या लग्नाआधीच गेलेली. एवढंच मला माहीत होतं. फोटोत ती लग्नातल्या शालूत, गाल भरलेले, नाकात नथ. घरात कुणी तिच्याबद्दल बोलायचं नाही, म्हणून मीही कधी विषय काढला नव्हता.

आत्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि पदरानं काच पुसायला लागल्या.

"हिला अन्ननळीचा कॅन्सर होता," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षांची. फोटोतली बघू नको, शेवटची बघितली असतीस तर तुला झोप लागली नसती. मनगटातनं बांगडी निसटून पडायची."

"आत्या, तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगू? एक दिवस मला म्हणाली, आई, खपलीची खीर खाऊशी वाटतीया. मी डॉक्टरांना इचारलं. ते म्हणाले, तोंडानं कायबी द्यायचं न्हाई, नळीतनं चाललंय. मी ऐकलं त्यांचं. तरी खीर केली. म्हटलं, झाकून ठेवू, जरा बरी वाटली की एक चमचा देऊ. दोन दिवस मागत हुती. तिसऱ्या दिवशी मागायची बंद झाली."

त्यांनी फोटो मांडीवर पालथा ठेवला.

"ती खीर मी गायीला घातली. तवापासनं ठरिवलं, या घरात कुणी नको म्हटलं तरी वाढायचं. मागायची येळच येऊ द्यायची न्हाई. तुझ्या कॅन्सरचं नाव निघालं आणि मला इमलच दिसाय लागली. आणि ही डॉक्टरीणबी तेच म्हणती, देऊ नको. मी एकदा ऐकलं होतं गं. लेक गेली माझी."

मी त्यांना धरलं. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण मी त्यांना असं कवेत कधी धरलं नव्हतं. सासूला कोण धरतं? माझ्या एवढ्या थोरल्या अंगात त्या लहान मुलीसारख्या मावल्या.

"आत्या," मी म्हटलं, "विमलताईंना जगायला जेवण हवं होतं, ते मिळालं नाही. मला जगायला ते नको आहे. मी आडवा हात धरला तर तुम्ही बोटांतून सोडू नका. माझ्या एकटीच्यानं नाही होणार हे. मला तुम्ही पाहिजे."

त्यांनी नाक पुसलं. मग म्हणाल्या, "त्या पावडरीला काय चव हाय का न्हाई?"

"नाही."

"बघू मला जरा."

एक घोट घेतला आणि असं तोंड केलं की मला रडता रडता हसू आलं. "श्शी! रांगोळी भिजवून प्यावी तशी हाय की गं ही!" पण पेला संपवला. आणि त्या दिवसापासून माझ्या बरोबरीनं डाळीचं पाणी, ताक, ती रांगोळी, सगळं त्याही प्यायला लागल्या. मी म्हटलं, तुमचं वय काय, तुम्हाला झेपायचं नाही. "गप बस," म्हणाल्या. संध्याकाळी मात्र अर्धी भाकरी माझ्याकडे पाठ करून खायच्या, हे मी बघून न बघितल्यासारखं करायची.

तिसऱ्या दिवशी समोरून मालन ताट घेऊन निघाली. बिचारीला काय माहीत? ऑपरेशन पुढं गेलं म्हणजे केळवणाला मुदत वाढली, असा तिचा हिशेब. आत्या उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"कुठं निघालीस?"

"रत्नाला थोडी कोथिंबीर वडी..."

"परत ने."

मालनला वाटलं, चेष्टा चाललीय. "अहो आत्या, तुम्हीच म्हणता ना, दारात आलेलं ताट..."

"म्हणत हुते. आता म्हणत न्हाई. कोण ताट घेऊन आलं तर म्हणावं, अनसाबाई दारात बसलीया. तिचं काय करायचं ते केळवण, ती बरी झाल्यावर करा. मीच पाट मांडीन."

आणि मालनचा चेहरा पडलेला बघून त्यांनी तिला हाताला धरून बसवलं, सगळं सांगितलं. मालन डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मग वडी तुम्ही तरी खावा." "मलाबी चालत न्हाई," आत्या म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष वडीवरच होतं.

दोन आठवड्यांनी मिरजेच्या काट्यावर मी पाच किलो कमी भरले. शिरगुप्पे मॅडमनी सोनोग्राफीचा कागद बघून आत्यांसमोर हात जोडले. "आजी, तुम्हाला इथं नोकरीला ठेवायला पाहिजे," त्या म्हणाल्या. ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं.

शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी द्यायला सांगितलं, तेही घोटघोट. आत्यांनी पिशवीतून एक चांदीची इवलीशी वाटी आणि चमचा काढला. बाहेरगावी शिकायला असलेल्या आमच्या मुलाच्या उष्टावणातला. "एवढ्या पोटाला एवढीच वाटी," म्हणाल्या. पुढचे कितीतरी दिवस मी त्याच वाटीत जेवले. आत्या प्रत्येक चमच्यानंतर थांबायच्या, माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी मान हलवली की वाटी बाजूला. एकदाही म्हणाल्या नाहीत, अजून एक.

वजन उतरायला लागलं. महिन्यामहिन्याला ब्लाउज आत घ्यावे लागले. गल्ली म्हणायची, रत्ना, तू तर पोरगी दिसाय लागलीस. पण आत्यांना ते सोपं गेलं नाही. एकदा मी वेणी घालत होते आणि त्या मागून बघत होत्या. "गळ्याची हाडं दिसाय लागली गं तुझ्या," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मी जाऊन बघितलं तर चुलीपाशी बसून रडत होत्या. मी त्यांचा हात धरून माझ्या मनगटावर ठेवला. बांगड्या नव्या मापाच्या घेतल्या होत्या, घट्ट बसल्या होत्या. "निसटत नाहीत बघा," मी म्हटलं. त्यांनी एकेक बांगडी ओढून बघितली, मग पदरानं डोळे पुसले.

नवव्या महिन्यात मी शंभराच्या आत आले. मग त्याच भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझे कागद बघितले आणि या वेळी मान उभी हलवली. पिशवी काढली. तुकड्याचा रिपोर्ट यायला काही दिवस लागणार होते. त्या दिवसांत आत्या देवापुढचा दिवा विझू द्यायच्या नाहीत. हे दुकानात बसून तीच तीच मोटार उघडून पुन्हा बंद करायचे.

रिपोर्टच्या दिवशी कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, "अस्तरातच होता. बाहेर कुठंही गेलेला नाही. आणखी काही उपचार लागणार नाहीत. फक्त तपासणीला येत राहा." हे डॉक्टरांचे पाय धरायला वाकले, डॉक्टर अर्धे टेबलावर चढले. आत्यांनी मला विचारलं, "काय म्हणतंय ते?" मी म्हटलं, "गेला, आत्या. गेला तो." त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला टेकून बसल्या.

पुढच्या वैशाखात मालनच्या लेकीचं लग्न ठरलं. आत्या म्हणाल्या, तिचं केळवण आपल्याकडं. आणि रत्नाचंबी राहिलंय, दोन्ही एकदम करू. आदल्या दिवशी मी बाजाराची यादी विचारली तर म्हणाल्या, "खपली गहू आण. चांगला कांडून सडलेला बघून आण."

मी यादीत ते पहिलंच लिहिलं. गहू आणले.

सकाळपासून खिरीचा वास घरभर. गूळ, वेलची, जायफळ. पहिली वाटी आत्यांनी विमलताईच्या फोटोपुढं ठेवली. मग पंगत बसली. नवरी मुलगी, मालन, गल्लीतल्या बायका, आणि मधोमध मी. माझ्या ताटात तीच चांदीची वाटी. आत्यांनी स्वतःच्या हातानं पळी धरून त्यात खीर वाढली, मोजून तीन चमचे. मी पहिला चमचा तोंडात घातला तेव्हा त्या समोर उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून.

"कशी झालीया?"

"तुम्ही इतकी वर्षं हे लपवून ठेवलंत?" मी म्हटलं.

त्या हसल्या, पण डोळे भरले होते. एवढ्यात मालन पाटावरून उठली आणि भांडं घेऊन ओळीतून आली. सवय कुठं जाते? "रत्ना, अजून एक पळी! माझ्या लेकीच्या नावाची! लाजतीस काय?" आणि पळी माझ्या वाटीवर आली.

मी हात आडवा धरायच्या आतच दुसरा एक हात मध्ये आला. सुरकुतलेला, खिरीच्या गुळानं चिकट झालेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आडव्या हातांतून वाढत आलेला तो हात माझ्या ताटावर पालथा पसरला होता.

"बास," आत्या म्हणाल्या. "तिचं पोट भरलं."

मालन पळी तशीच धरून उभी. आत्यांच्या तोंडून "बास" हा शब्द आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच ऐकला होता. त्यांचा हात हलत नव्हता.

मला खूप काही म्हणायचं होतं. पण खीर गार होत होती.

"आत्या, हात काढा की," मी म्हटलं. "त्याच्याखाली माझे दोन चमचे राहिलेत. ते मी खाणार आहे."

"ते खा," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात उचलला.